चित्रे पाहायला चला

मुंबईला जाऊन आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न कोणता विचारतात? "काय काय पाहिलंस?" मग तो सांगू लागतो. समुद्र पाहिला. गेटवे पाहिला. राणीच्या बागेत वाघ पाहिला. सिद्धिविनायकाचे दर्शन घेतले. पण "चित्रांचे प्रदर्शन पाहिले," असे सांगणारा माणूस आम्हांला आमच्या गावात कधी भेटला नव्हता.

असे का असावे? आपल्याला चित्रे आवडत नाहीत काय? तसे मुळीच नाही. जुने कॅलेंडर झाले तरी त्यावरचे चित्र आपण जपून ठेवतो. दारात रांगोळी काढतो. लग्नघराच्या भिंतीवर गणपती रंगवतो. बेंदराला बैलांची शिंगे रंगवतो. रंगाची आवड आपल्याला जन्मापासून आहे. मग शहरातल्या प्रदर्शनाला आपण का जात नाही?

हा प्रश्न आम्ही आमच्या संध्याकाळच्या वर्गात विचारला. एक आबा लगेच म्हणाले, "आपल्याला तिथं कोण आत घेतंय? ती मोठ्या लोकांची जागा."

एक मावशी म्हणाल्या, "आत घेतलं तरी आपल्याला काय कळणार?"

या दोन वाक्यांत सगळे दुखणे आले. एक, आत घेणार नाहीत. दोन, कळणार नाही. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत का, हे पाहण्यासाठी आम्ही नऊ जणांनी मुंबईला जायचे ठरवले. सोलापूरहून रात्रीच्या गाडीत बसलो आणि सकाळी मुंबईला उतरलो. तिथे आम्ही काय पाहिले, ते आता सांगतो.

दार उघडे होते

मुंबईत फोर्ट भागात काळा घोडा नावाची जागा आहे. नाव ऐकून नवल वाटते. पूर्वी इथे इंग्रजांच्या राजाचा घोड्यावर बसलेला पुतळा होता. पुतळा काळपट दिसे, म्हणून लोक त्या जागेलाच काळा घोडा म्हणू लागले. १९६५ साली तो पुतळा तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. राजा गेला, घोडा गेला, पण नाव राहिले. पुढे २०१७ साली तिथे नवा घोडा उभा केला. त्याच्या पाठीवर मात्र कोणी राजा नाही.

या काळ्या घोड्यापाशी जहांगीर कलादालन आहे. दालन म्हणजे मोठी खोली. जिथे कलेच्या वस्तू मांडतात ते कलादालन. इंग्रजीत त्याला आर्ट गॅलरी म्हणतात. टॅक्सीवाल्याला, पोलिसाला 'जहांगीर आर्ट गॅलरी' म्हटले की चटकन समजते.

हे दालन सर कावसजी जहांगीर यांनी दिलेल्या देणगीतून उभे राहिले. त्यांचा मुलगा जहांगीर तरुणपणी वारला. त्याच्या आठवणीसाठी हे बांधले. १९५२ साली ते सुरू झाले. त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर होते. त्यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

आम्ही दारापाशी गेलो. आबा मागेच थांबले. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. दारावरचा शिपाई हसला. म्हणाला, "आबा, चपला घाला. देऊळ नाही हे. या आत."

"तिकीट कुठं काढायचं?" आम्ही विचारले.

"तिकीट नाही. फुकट आहे."

आबांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही आबांकडे पाहिले. पहिले वाक्य तिथेच खोटे ठरले. गेली सत्तर वर्षे हे दार उघडे आहे. आपणच आत जात नव्हतो.

आत काय असते?

एखाद्याला वाटेल, की आत जुनी, राजेरजवाड्यांची चित्रे असतील. तसे नाही. जुन्या वस्तू जपून ठेवतात ते वस्तुसंग्रहालय. ते शेजारीच आहे. कलादालनात बहुतेक करून आजच्या चित्रकारांची नवी चित्रे असतात.

जहांगीरमध्ये एकाच वेळी निरनिराळ्या दालनांत निरनिराळी प्रदर्शने चालू असतात. एक प्रदर्शन साधारण आठवडाभर चालते. आठवडा संपला की चित्रकार आपली चित्रे उतरवतो आणि दुसरा आपली लावतो. आपल्या आठवड्याच्या बाजारासारखेच हे आहे. फरक एवढाच, की इथे जागा मिळवण्यासाठी चित्रकाराला आधी अर्ज करावा लागतो. त्याचे काम पाहून निवड होते. मग पाळी येईपर्यंत कित्येकदा काही वर्षे वाट पाहावी लागते. पाळी आली की दालनाचे भाडे भरायचे. चौकटी करायच्या, गावाहून चित्रे आणायची, आणि आठवडाभर चित्रांजवळ बसून राहायचे. कुणी घेईल, कुणी घेणार नाही. पीक उभे केले म्हणून भाव मिळतोच असे नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पहिल्या दालनात एका तरुण चित्रकाराची चित्रे होती. बैल, बैलगाड्या, शेते. ती पाहून सगळ्यांना बरे वाटले. ओळखीचे कुणी भेटावे तसे झाले.

एका चित्राच्या शेजारी भिंतीवर लहान लाल टिकली होती. मावशी हळूच म्हणाल्या, "या चित्राला कुंकू का लावलंय? पूजा केली का?"

चित्रकाराने ते ऐकले. तो म्हणाला, "मावशी, ती टिकली म्हणजे हे चित्र विकलं गेलं. दुसऱ्या कुणी मागू नये म्हणून लावतात."

मावशी म्हणाल्या, "म्हणजे सोयरीक जमली म्हणा की!"

सगळे हसले. चित्रकारही हसला. तेव्हापासून आमची भीती पुष्कळ कमी झाली.

हे काय काढलंय?

पुढच्या दालनात मात्र आबा रागावले. तिथे मोठमोठी चित्रे होती, पण त्यांत माणूस नाही, झाड नाही, बैल नाही. नुसते रंग. एकावर एक पिवळ्या रंगाचे थर, मध्येच एक काळा पट्टा. आबा म्हणाले, "हे काय काढलंय? माझ्या नातवानं रंगाची डबी सांडली तर असंच दिसंल."

खरे सांगायचे तर आम्हांलाही तसेच वाटले होते. शहरात शिकलेल्या पुष्कळ लोकांनाही तसेच वाटते. फक्त ते बोलून दाखवत नाहीत, मान डोलवतात. आबा बोलले.

त्या वेळी मावशी चित्रापुढे उभ्या होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आबा, गोधडीवर काय काढलेलं असतं हो?"

आबा म्हणाले, "काय असणार? चिंध्या असतात."

"चिंध्या असतात. पण कुठल्या चिंधीशेजारी कुठली चिंधी लावायची, हे आम्ही बायका तासन्‌तास बघतो. लालाशेजारी हिरवं लावलं तर उठून दिसतं. सगळंच काळं लागलं तर गोधडी रडकी दिसते. त्यात बैल नसतो, झाड नसतं. तरी एखादी गोधडी बघितली की बरं वाटतं. तसंच काही असंल हे."

मावशींनी जे सांगितले, ते समजवायला मोठमोठी पुस्तके लिहिली गेली आहेत. अशा चित्राला अमूर्त चित्र म्हणतात. मूर्ती म्हणजे आकार. ज्यात ओळखीचा आकार नाही ते अमूर्त. त्यात पाहायचे ते रंग, रेघा, आणि त्यांची एकमेकांशी जुळणी. गाण्यात नुसती सनई वाजते, तेव्हा तिच्यात शब्द नसतात. तरी लग्नातली सनई ऐकून मन भरून येते. 'सनई काय म्हणाली?' असे कुणी विचारीत नाही.

आपल्या देशात या प्रकारचे मोठे चित्रकार होऊन गेले. वासुदेव गायतोंडे हे त्यांपैकी एक. त्यांचा जन्म १९२४ साली नागपूरला झाला. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. वर्षभरात ते मोजकीच चित्रे काढीत. रंगाचा एक थर द्यायचा, वाट पाहायची, मग दुसरा.

दुसरे सय्यद हैदर रझा. त्यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यात झाला. शाळेत असताना त्यांचे मन अभ्यासात लागत नसे. तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितले, "याच्याकडे बघत बस." मोठेपणी रझा परदेशात जाऊन राहिले, पण तो ठिपका त्यांच्याबरोबर गेला. त्यांच्या कितीतरी चित्रांत मधोमध मोठा काळा बिंदू आहे. गावच्या शाळेतल्या भिंतीवरचा बिंदू जगातल्या मोठ्या शहरांत जाऊन पोचला.

हे सगळे ऐकून आबांचे मत बदलले काय? नाही. ते म्हणाले, "असंल बाबा. पण मला बैलच बरे वाटले." तेही ठीकच आहे. समजून घेणे वेगळे आणि आवडणे वेगळे. समजले म्हणजे आवडलेच पाहिजे, असा कुठे कायदा नाही.

पायरीवरच्या गोष्टी

दुपारी आम्ही बाहेर येऊन कडेला पायरीवर बसलो. भाकरी-चटणी सोडली. समोरच्या फुटपाथवर काही चित्रकार चित्रे मांडून बसले होते. ज्यांना आत जागा मिळत नाही किंवा भाडे परवडत नाही, असे कितीतरी चित्रकार आजवर या फुटपाथवर बसत आले आहेत.

एक तरुण म्हणाला, "चित्रकार म्हणजे श्रीमंताघरची मुलं असतील."

तेव्हा आम्ही कृष्णाजी आरा यांची गोष्ट सांगितली. आरांचा जन्म १९१४ साली हैदराबादजवळ झाला. लहानपणीच ते मुंबईला आले. घरकाम करून आणि मोटारी धुऊन त्यांनी पोट भरले. मिठाच्या सत्याग्रहात ते होते. काम संपले की चित्रे काढीत. एका जाणकाराने ती पाहिली आणि त्यांना पुढे आणले. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, मुंबईत सहा कलावंतांनी एक मंडळ काढले. त्यांत मोटारी धुणारे आरा होते. गोव्यातल्या साळगावचे सुझा होते. वर सांगितलेले रझा होते. गाडे आणि बाकरे होते. बाकरे हे शिल्पकार, म्हणजे मूर्ती घडवणारे. सहावे होते मकबूल फिदा हुसेन.

"हुसेन यांचा जन्म कुठला, माहीत आहे का?" आम्ही विचारले. कुणालाच माहीत नव्हते.

"पंढरपूरचा."

"आपल्या पंढरपूरचा?" मावशींचा घास हातातच राहिला.

होय. हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपुरात झाला. पुढे मुंबईत येऊन त्यांनी सिनेमाच्या मोठमोठ्या पाट्या रंगवल्या. ऊन असो, पाऊस असो, उंच शिडीवर उभे राहून रंग द्यायचा. त्यातून पुढे ते देशातले सर्वांत नावाजलेले चित्रकार झाले. नंतर त्यांच्या काही चित्रांवरून मोठा वाद झाला, खटले भरले गेले, प्रदर्शनांवर हल्लेही झाले. २००६ साली ते देश सोडून गेले, आणि २०११ साली लंडनमध्ये वारले. त्या वादात कोण बरोबर, कोण चूक, यावर लोकांची मते वेगळी आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की चित्र आवडले नाही तर तोंडाने सांगावे, कागदावर लिहावे. हात उगारू नये. मारामारीने चित्र फाटते, पण मत काही पटत नाही.

एका चित्राचे ११८ कोटी

मग एकाने विचारले, "एका चित्राला किती पैसे मिळतात?"

आमच्याजवळ वर्तमानपत्राचे कात्रण होते. हुसेन यांनी १९५४ साली एक लांबलचक चित्र काढले. त्याचे नाव 'ग्रामयात्रा'. ते जवळजवळ चौदा फूट लांब आहे. त्यात तेरा लहान लहान देखावे आहेत, आणि सगळे गावातले. कुणी बाई दळते आहे, कुणी मुलाला सांभाळते आहे, कुणी गाडीतून चालले आहे. एका चौकटीत एक शेतकरी उभा आहे. त्याचा हात आपली चौकट ओलांडून शेजारच्या चौकटीतल्या शेताला जाऊन टेकतो.

हे चित्र त्याच वर्षी दिल्लीत एका परदेशी डॉक्टरने सुमारे १,४०० रुपयांना घेतले. त्याने ते नॉर्वे देशात नेले. पुढे ते ऑस्लो शहरातल्या इस्पितळाला मिळाले. तिथे कितीतरी वर्षे ते भिंतीवर होते. बाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते. २०२५ सालच्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला. बोली चढत चढत सुमारे ११८ कोटी रुपयांवर गेली. तोपर्यंत आपल्या देशातल्या कुठल्याही आधुनिक चित्राला लिलावात एवढी किंमत आली नव्हती.

सगळे गप्प झाले. मग आबा म्हणाले, "गावातल्या बाईचं दळणाचं चित्र ११८ कोटीला. आणि दळणाऱ्या बाईला काय?"

प्रश्न बरोबर होता. हुसेन तर आधीच वारले होते, तेव्हा त्यांनाही ते पैसे दिसले नाहीत. ते पैसे पुढच्या डॉक्टरांच्या शिक्षणासाठी वापरायचे, असे इस्पितळाने ठरवले. ते चांगलेच झाले. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लिलावातली किंमत म्हणजे चित्राचा गुण नव्हे. एकाच चित्राच्या मागे दोन श्रीमंत लागले, की बोली चढते. बैलबाजारात आपण हेच पाहतो. बोली चढली म्हणून बैल जास्त नांगरत नाही. उलट ज्याला कुणी विचारले नाही, तो बैलही चांगला असू शकतो. १९५४ साली १,४०० रुपयांचे चित्र आणि २०२५ सालचे ११८ कोटींचे चित्र, ही दोन चित्रे नाहीत. चित्र एकच. त्यातली एक रेघही बदललेली नाही.

भिंत दालनात आली

आबांच्या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे. गावातला माणूस फक्त चित्रातच असतो काय? तो चित्रकार होऊन दालनात येत नाही काय?

येतो. ज्या इमारतीच्या पायरीवर आम्ही बसलो होतो, तिच्या पहिल्या मजल्यावर पूर्वी केमोल्ड नावाचे खासगी कलादालन होते. १९७५ च्या सुमारास तिथे जिव्या सोमा म्हशे यांची चित्रे लागली. म्हशे वारली समाजातले. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचे. लहानपणी त्यांची आई गेली. त्यानंतर काही वर्षे ते बोलत नसत, मातीत चित्रे काढून मनातले सांगत, असे म्हणतात.

वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहितात. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, शेणामातीने सारवलेली भिंत. हे काम सवाशिणींचे. म्हशे यांनी लग्नकार्य नसतानाही चित्रे काढायला सुरुवात केली. भिंतीवरून ती कागदावर, कापडावर आली. शेती, मासेमारी, तारप्याचा नाच, मुंग्यांची वारुळे, सगळे त्यांनी काढले. त्यांची चित्रे मुंबईहून पॅरिसपर्यंत गेली. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले.

आज वारली चित्र कपावर, साडीवर, हॉटेलच्या भिंतीवर दिसते. यात चांगले आहे, तसे वाईटही आहे. चांगले असे, की पुष्कळ वारली मुलामुलींना त्यातून रोजगार मिळाला. वाईट असे, की कारखान्यात छापलेल्या कपाचे पैसे गंजाडला जातातच असे नाही. आणि ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले, त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून वारली चित्र विकत घ्यायचे झाले, तर ते काढणाराच्या हातून घ्यावे आणि त्याचे नाव विचारावे.

बंद दार

दुपारनंतर आम्ही जवळच्या गल्लीतल्या एका खासगी दालनाकडे गेलो. काचेचे दार होते, आणि ते बंद. बाजूला घंटीचे बटण. आम्ही घंटी वाजवली. आतून एक जण आला. त्याने दार अर्धेच उघडले आणि विचारले, "काय काम आहे?"

"चित्रं बघायचीत."

त्याने आम्हा नऊ जणांकडे पाहिले. आमच्या पिशव्यांकडे पाहिले. "आज जमणार नाही," म्हणाला आणि दार लावले. आम्ही तिथून हललो, तेव्हा दुसरे दोघे आले. घंटी वाजली. दार पूर्ण उघडले.

कुणी काही बोलले नाही. पण प्रत्येकाला लागले.

सगळी खासगी दालने अशी नसतात. पुष्कळ ठिकाणी चांगले बोलतात, हौसेने दाखवतात. खासगी दालन म्हणजे एका अर्थाने चित्रांचे दुकान. चित्र विकले की दालनवाला त्यातला हिस्सा घेतो. पुष्कळ ठिकाणी तो तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असतो. पण तिथेही पाहायला पैसे पडत नाहीत. दुकानात शिरल्यावर घेतलेच पाहिजे असे नाही, तसेच हे.

तरी आमचे या दालनवाल्यांना सांगणे आहे. तुम्ही शेताची, गावाची, कष्टाची चित्रे लावता. ती पाहायला शेतातला माणूस आला, तर दार अर्धे उघडू नका. दुसरे सांगणे, चित्राखालची चिठ्ठी मराठीतही लावा. आम्ही पाहिले तिथे बहुतेक चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या. आमची मंडळी कष्टाने अक्षरे शिकली आहेत. समोर चिठ्ठी दिसते आणि वाचता येत नाही, तेव्हा पुन्हा निरक्षर झाल्यासारखे वाटते. दोन ओळी मराठीत लिहायला किती खर्च येतो?

मावशींनी वहीत लिहिले

गाडी रात्रीची होती. आता कुठे जायचे, असा विचार चालला होता. तोच मावशी म्हणाल्या, "मला परत ते बैल बघायचेत."

आम्ही पुन्हा जहांगीरमध्ये गेलो. तो तरुण चित्रकार तिथेच बसला होता. मावशी एका चित्रापुढे जाऊन उभ्या राहिल्या. दोन बैल गाडी ओढत आहेत, असे ते चित्र होते.

"सकाळीच बघितलं होतं," त्या आम्हांला म्हणाल्या. "बोलायचा धीर झाला नाही. जू चुकलंय."

आम्ही पाहिले. खरेच. चित्रकाराने जू बैलाच्या वशिंडाच्या मागे, पाठीवर काढले होते. जू असते वशिंडाच्या पुढे, मानेवर. म्हणून तर बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. पाठीवर जू ठेवले, तर बैल गाडी ओढणार कसा?

चित्रांजवळ टेबलावर एक वही होती. तिला अभिप्रायाची वही म्हणतात. अभिप्राय म्हणजे मत. प्रदर्शन पाहून ज्याला जे वाटले, ते त्याने तिच्यात लिहायचे. पुष्कळ प्रदर्शनांत अशी वही असते. त्या वहीत 'छान', 'उत्तम', 'सुंदर', असे शंभर वेळा लिहिलेले होते. इंग्रजीतही होते.

मावशींनी पेन घेतले. वर्गात त्या पाटीवर आणि वहीत लिहीत. वर्गाबाहेर, परक्या माणसांपुढे, त्यांनी कधी काही लिहिले नव्हते. बँकेत जाऊन सही केली होती, तेवढीच. हात थोडा थरथरत होता. एकेक अक्षर जुळवत त्यांनी लिहिले :

'चितर चांगले आहे. बैल जिवंत वाटतात. पण जू वशिंडाच्या पुढे असते.'

खाली सही केली आणि गावाचे नाव घातले.

चित्रकाराने वही घेतली. वाचले. चित्राजवळ गेला. थोडा वेळ पाहत राहिला. मग परत येऊन म्हणाला, "मावशी, चार दिवसांत शेकडो माणसं येऊन गेली. कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी शहरात वाढलो. फोटो बघून काढलं, आणि फोटोत ती जागा झाकलेली होती."

आबांना जोर आला. ते म्हणाले, "मग तो तिकडचा लाल बैल? लाल भडक बैल असतो का कुठं?"

चित्रकार म्हणाला, "नसतो आबा. ते मला ठाऊक आहे. दुपारच्या उन्हात दिवसभर नांगरून आलेला बैल आहे तो. त्याच्या अंगातली आग दाखवायची होती. म्हणून लाल केला. ते मी मुद्दाम केलंय."

ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. जू चुकले, ती चूक. लाल रंग दिला, ती निवड. चित्र पाहताना हा फरक ओळखावा लागतो. प्रत्येक वेगळी गोष्ट चूक नसते, आणि मोठ्या माणसाची प्रत्येक चूक म्हणजे कलाही नसते. मग ओळखायचे कसे? पाहावे, विचार करावा, आणि चित्रकार जवळ असेल तर विचारावे.

"आपल्याला काय कळणार?" हे दुसरे वाक्य होते ना? त्या दालनात त्या दिवशी जे कुणालाच कळले नाही, ते मावशींना कळले. चित्रकलेचे ज्ञान त्यांना नव्हते. पण बैलाचे होते. प्रत्येक माणसाला काही ना काही पक्के ठाऊक असते. चित्र पाहायला जाताना ते घरी ठेवून जाऊ नये, बरोबर न्यावे.

तुम्ही जाल तेव्हा

मुंबईला जहांगीर कलादालन सकाळी अकरा ते संध्याकाळी सात उघडे असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून चालत वीस-पंचवीस मिनिटे लागतात. त्याच चौकाजवळ सरकारचे राष्ट्रीय आधुनिक कलादालन आहे. ते मुंबईत १९९६ साली सुरू झाले. तिथे थोडे तिकीट आहे, आणि सोमवारी ते बंद असते. दिल्लीला गेलात, तर तिथे असेच राष्ट्रीय दालन १९५४ पासून आहे. केरळात कोची शहरात २०१२ साली एक मोठे प्रदर्शन सुरू झाले. ते साधारण दर दोन वर्षांनी भरते, आणि तेही मसाल्याच्या व्यापाराच्या जुन्या गोदामांत, वखारींत.

आत गेल्यावर एवढे पाळावे. चित्राला हात लावू नये; हाताच्या घामाने रंग खराब होतो. फोटो काढायचा तर आधी विचारावे. सगळी चित्रे पाहण्याची घाई करू नये. दोन-तीनच पाहावीत, पण थांबून पाहावीत. आधी लांबून, मग जवळून. कळले नाही तर लाजू नये, विचारावे. आवडले तर का आवडले, नाही आवडले तर का नाही, हे एकमेकांशी बोलावे.

आणि निघताना वहीत दोन ओळी लिहाव्यात. अक्षर वाकडे आले तरी चालेल. मावशींचे 'चितर' आजही त्या वहीत आहे. त्यामुळे काही बिघडले नाही. पुढच्या चित्रात त्या पोराचे जू मात्र मानेवर येईल.

वर्गात बोलण्यासाठी :

१. मावशींनी कोणती चूक काढली? ती इतरांना का दिसली नाही?

२. चूक आणि निवड यांत फरक काय? तुमच्या कामातले एखादे उदाहरण सांगा.

३. तुमच्या गावात चांगली रांगोळी, गोधडी किंवा मूर्ती कोण करते? त्यांची नावे पाटीवर लिहा.